हॉबिट्सची ‘१४२०’ बिअर: पुस्तकातल्या एका वाक्यावरून घरी बिअर कशी बनवली जाते?

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ म्हटले की बहुतेकांना अंगठी आठवते, गॅन्डाल्फची दाढी आठवते, नाहीतर तो ज्वालामुखी. पण या कादंबरीचे असेही वाचक आहेत ज्यांच्या डोक्यात एक आकडा पक्का बसला आहे : १४२०. हे हॉबिट्सच्या कालगणनेतले एक साल. त्या वर्षीच्या सातूपासून, म्हणजे बार्लीपासून, बनलेली बिअर इतकी उत्तम निघाली की पुढे त्या सालाचे नावच उत्तम बिअरची खूण होऊन बसले, असे जे. आर. आर. टोल्किन यांनी शेवटच्या खंडात लिहून ठेवले आहे.

ही बिअर जगात कुठेही कधीच नव्हती. तिची चव कोणी घेतलेली नाही. टोल्किन यांनी रंग सांगितला नाही, कडूपणा सांगितला नाही, अल्कोहोल किती तेही नाही. तरीही घरी बिअर बनवण्याची हौस असलेले टोल्किनप्रेमी मोठ्या पातेल्यात पाणी तापवून ‘१४२०’ बनवायला बसतात. ज्या पेयाबद्दल लेखकाने जेमतेम दोन-तीन वाक्ये लिहिली, ते बनवायचे कसे? उत्तर आधी पुस्तकात शोधावे लागते, मग इंग्लंडच्या शेतीत आणि सर्वात शेवटी पातेल्यात.

आधी हे ‘१४२०’ प्रकरण काय आहे ते पाहू

कथेच्या शेवटी चार हॉबिट मित्र मोठे युद्ध संपवून आपल्या शायर या मुलुखात परततात. घरी आल्यावर निवांत बसून एक मग बिअर प्यावी, एवढीच त्यांची इच्छा. पण गावाची दशा पाहून ते हादरतात. सरायांना कुलपे लागलेली, धान्य ‘सर्वांना वाटण्यासाठी’ म्हणून गोळा करून नेलेले आणि बिअर बंद. वरच्या साहेबाला बिअर पसंत नाही, असे सुरुवातीचे कारण. प्रत्यक्षात साहेबाची माणसे मात्र मजेत पिताहेत. दारूबंदीचे नियम एकांसाठी आणि बिअर दुसऱ्यांसाठी, हा प्रकार मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नसावी.

या सगळ्यामागे हरलेला जादूगार सारुमान असतो. हॉबिट्स उठाव करतात, त्याला हुसकावून लावतात. मात्र झाडे तोडलेली, शेते उजाड. तेव्हा सॅमवाइज गॅमजी हा माळी गॅलाड्रिएल राणीने भेट दिलेल्या डबीतली माती चिमूट चिमूट करून शायरभर टाकतो. पुढच्या वर्षी, म्हणजे १४२० मध्ये, जमीन भरभरून देते. फळांनी झाडे वाकतात, कोठारे ओसंडतात, जन्मलेल्या पुष्कळ बाळांचे केस सोनेरी असतात. नॉर्थफार्दिंग या उत्तरेकडच्या भागातली बार्ली तर इतकी सुरेख येते की तिच्या बिअरची आठवण पिढीभर टिकते. कितीतरी वर्षांनी सरायीत एखादा म्हातारा कष्टाची बिअर संपवून मग खाली ठेवतो आणि समाधानाने त्याच सालाचे नाव घेतो.

म्हणजे ही बिअर नुसती चविष्ट नाही. ती हिसकावून घेतलेल्या आणि परत मिळवलेल्या धान्याची आहे. त्यामुळेच ‘१४२०’ बनवणारे पातेल्यात काय टाकायचे याचा इतका बारकाईने विचार करतात.

टोल्किन पहिल्या महायुद्धात सोममध्ये लढले होते आणि युद्धकाळात ब्रिटनमध्ये पबच्या वेळा कापल्या गेल्या, बिअरवरचा कर वाढला, बिअर पातळ झाली. मग हा प्रसंग म्हणजे तेच का? अनेकांनी हा किंवा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या रेशनिंगचा संबंध जोडला. टोल्किन यांनी मात्र दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत युद्धोत्तर इंग्लंडचे रूपक म्हणून तो लिहिला नसल्याचे स्पष्ट सांगितले. लेखकाचे म्हणणे मानले तरी एक गोष्ट राहतेच : बिअर मिळेनाशी होणे म्हणजे काय, हे त्यांच्या पिढीने प्रत्यक्ष पाहिले होते.

पुस्तकात बिअरबद्दल आणखी काय सापडते?

शोधायला बसले तर बरेच. ‘द हॉबिट’ या १९३७ च्या कादंबरीत बिल्बोच्या घरी तेरा खुजे न बोलावता येऊन थडकतात आणि चहाबरोबर कोणी एल मागतो, कोणी पोर्टर. एल आणि पोर्टर हे दोन्ही खरे इंग्लिश बिअरचे प्रकार. म्हणजे टोल्किन यांनी बिअरला काल्पनिक नावे दिली नाहीत, आपल्या गावातल्या पबमध्ये मिळणारीच बिअर उचलून तिथे ठेवली.

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये ब्री गावची ‘प्रान्सिंग पोनी’ ही सराय आहे. तिच्या मालकाचे नाव बार्लीमन बटरबर, नावातच बार्ली. त्याने दिलेल्या बातमीवर खूश होऊन गॅन्डाल्फ त्याच्या बिअरला सात वर्षे अप्रतिम राहण्याचा आशीर्वाद देतो. स्टॉक गावच्या ‘गोल्डन पर्च’ची बिअर त्या भागात सर्वोत्तम म्हणून पिपिनला वाटेत तिथे थांबायचे असते, तर फ्रोडो त्याला जंगलाच्या वाटेने ओढून नेतो. बायवॉटरची ‘ग्रीन ड्रॅगन’ तर आता न्यूझीलंडमधल्या माटामाटाच्या हॉबिटन या चित्रीकरणस्थळी खरीखुरी उभी आहे आणि तिथे येणाऱ्यांना खास त्या जागेसाठी बनवलेली एल मिळते.

चित्रपटाचा विषय निघालाच आहे तर एक गंमत. कलाकारांना एकाच दृश्याचे पुन्हा पुन्हा टेक देताना खरी बिअर प्यायला दिली असती तर दुपारपर्यंत चित्रीकरण आटोपले असते. म्हणून न्यूझीलंडच्या हॅरिंग्टन्स ब्रुअरीने जेमतेम एक टक्का अल्कोहोलची बिअर चित्रपटासाठी तयार केली. तिचे नाव ‘सोबरिंग थॉट’, म्हणजे शुद्धीवर आणणारा विचार!

तात्पर्य, टोल्किन यांनी पाककृती दिली नसली तरी नकाशा दिला आहे. तो नकाशा त्यांच्या बालपणाकडे जातो.

शायर म्हणजे कोणता मुलूख?

टोल्किन दक्षिण आफ्रिकेत जन्मले, पण चौथ्या वर्षापासून बर्मिंगहॅमजवळच्या सेअरहोल या खेड्यात वाढले. आपले शायर म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवाच्या, म्हणजे १८९७ च्या सुमाराचे वॉरिकशायरमधले एक खेडे आहे, असे त्यांनी एका पत्रात लिहिले होते. त्यांची आई सफील्ड घराण्यातली आणि या घराण्याची मुळे शेजारच्या वूस्टरशायरमध्ये, ईव्हशॅमच्या परिसरात. भाऊ हिलरी याने पुढे तिकडेच फळबागा केल्या.

इथे हौशी ब्रुअरचे डोळे चमकतात, कारण वूस्टरशायर हा इंग्लंडच्या हॉप्स पिकवणाऱ्या मोजक्या भागांपैकी एक आहे. हॉप्स म्हणजे वेलीवर येणारी हिरवी, शंकूसारखी, कागदी पाकळ्यांची फुले. बिअरचा कडवटपणा आणि सुगंध त्यांच्यामुळे येतो, शिवाय ती टिकतेही. फगल आणि गोल्डिंग हे तिथले जुने वाण. माती, पालापाचोळा, थोडासा मध, चहाच्या पानांसारखा मंद कडूपणा अशी त्यांची चव सांगितली जाते.

आजच्या क्राफ्ट बिअरमध्ये ज्यांचा बोलबाला आहे त्या अमेरिकन हॉप्समधून आंबा, पपनस, अननस असे वास येतात. ते छानच लागतात, पण शायरमध्ये शोभत नाहीत. पेल्यातून आंब्याचा घमघमाट आला की हॉबिटचे बीळ डोळ्यांपुढून नाहीसे होते आणि पोर्टलँडमधला एखादा बार दिसू लागतो. नावात ‘इंडिया’ असलेली इंडिया पेल एलही इथे गैरलागू. हॉबिट्सना समुद्राची भीती वाटते, ते बिअर भरून जहाजे कशाला पाठवतील?

राहिली बार्ली. १८९७ च्या इंग्लंडमध्ये शेतात कोणती बार्ली होती? शेव्हॅलिएर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सफोकमधल्या एका चांगल्या कणसापासून हा वाण पुढे आला आणि शतकभर इंग्लिश बिअर त्यावरच चालली. नंतर जास्त उत्पन्न देणाऱ्या वाणांनी त्याला मागे ढकलले आणि तो बियाणे पेढीत जाऊन पडला. नॉर्विचच्या जॉन इन्स सेंटरमधल्या संशोधकांनी एकविसाव्या शतकात तो पुन्हा शेतात आणला आणि आता त्याचे माल्ट विकतही मिळते. ‘१४२०’ बनवणाऱ्यासाठी याहून जवळचे धान्य दुसरे नाही. जवळजवळ संपलेली बार्ली पुन्हा उगवली, हे सॅमच्या गोष्टीशीही जुळते. ती मिळाली नाही तर मॅरिस ऑटर वापरतात. १९६० च्या दशकात केम्ब्रिजमध्ये तयार झालेला हा वाण बिस्किटासारख्या भाजक्या चवीसाठी घरगुती ब्रुअर्सचा लाडका आहे.

टोल्किन यांनी चांगली बार्ली उत्तरेकडच्या भागात पिकवली, हेही शेतीच्या दृष्टीने बरोबर बसते. थंड हवेत दाणा सावकाश भरतो, टपोरा होतो आणि त्यात पिष्ट जास्त, प्रथिने कमी राहतात. बिअरला नेमके तेच हवे असते.

सोनेरी की तांबूस, कडक की सौम्य?

‘१४२०’ नेमकी कशी असावी यावर मात्र एकमत होणे अवघड आहे, कारण पुस्तक दोन्ही बाजूंना पुरावे देते.

एक बाजू म्हणते, ही मोठी बिअर हवी. भरघोस पिकाचे वर्ष, पिढीभर टिकलेली आठवण, सोनेरी केसांची बाळे, सोनेरी फुलांचे मॅलॉर्नचे झाड. म्हणजे रंग सोनेरी, माल्ट भरपूर, अल्कोहोल सहा टक्क्यांच्या आसपास आणि दोन-तीन महिने मुरवलेली. इंग्लंडमध्ये सुगीनंतर अशा दमदार एल बनवण्याची जुनी पद्धत होतीही.

दुसरी बाजू म्हातारबाबांकडे बोट दाखवते. तो दिवसभर राबून सरायीत आला आहे आणि पाइंट भरून पितो आहे. इंग्लिश पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. कामाच्या दिवशी कोणी कडक बिअर एवढी पीत नाही. म्हणून ती साधी, तांबूस-तपकिरी, तीन-साडेतीन टक्क्यांची ‘माइल्ड’ असावी.

दुसरा युक्तिवाद ऐकायला पटतो, पण त्यात एक खोच आहे. आज माइल्ड म्हणजे सौम्य बिअर, हे खरे. एकोणिसाव्या शतकात मात्र ‘माइल्ड’चा अर्थ होता न मुरवलेली, ताजी बिअर. ती आजच्या मानाने चांगलीच जोरकस असे. पहिल्या महायुद्धातल्या करांनी आणि धान्याच्या टंचाईने ती पातळ केली. १८९७ चे खेडे डोळ्यांपुढे ठेवायचे तर माइल्डही पाच टक्क्यांच्या घरात जाते. शिवाय तो म्हातारा पितो ती १४२० ची बिअर नव्हेच. तो पिढीभरानंतरचा आहे, हातातल्या चांगल्या बिअरला त्या सालाची उपमा देतो आहे. मूळ बिअर त्याच्या आठवणीत आहे आणि आठवणीतली बिअर थोडी कडकच असते. त्यामुळे सोनेरी, दमदार एल हा वाचनाला जास्त धरून असलेला अर्थ ठरतो.

आता पातेल्याकडे

पुढची कृती जिथे घरी बिअर बनवायला कायद्याने परवानगी आहे तिथली आहे. महाराष्ट्रात ती नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

बिअरला चार गोष्टी लागतात : माल्ट, पाणी, हॉप्स, यीस्ट. माल्ट म्हणजे काय हे मराठी घरात पटकन कळते. बाळासाठी नाचणीचे सत्त्व करताना नाचणी भिजवतात, मोड आणतात, वाळवतात आणि दळतात. बार्लीचे तेच करायचे. मोड येताना दाण्यात विकरे तयार होतात, जी पुढे पिष्टाची साखर करतात. कोंब फार वाढण्याआधी गरम हवेने दाणा वाळवला की ती विकरे तशीच शिल्लक राहतात. हे काम माल्ट बनवणारे कारखाने करतात. घरी आणायचे ते तयार माल्ट, भरडून.

२० लिटर ‘१४२०’साठी साधारण साडेपाच किलो शेव्हॅलिएर किंवा मॅरिस ऑटर माल्ट लागते. त्यात दुसरे काही न घालणे उत्तम. रंगासाठी भाजके माल्ट, चवीसाठी मध, संत्र्याची साल, मसाले असे बरेच काही सुचते, पण टोल्किन यांनी कौतुक बार्लीचे केले आहे. तिची चव झाकली तर मग त्या सालाला अर्थ काय?

पंधरा लिटर पाणी ७४-७५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यात भरड माल्ट ढवळत सोडायचे. मिश्रण ६७ अंशांच्या आसपास स्थिरावते. झाकण लावून, गोधडी गुंडाळून तासभर तसेच ठेवायचे. याला मॅश म्हणतात. तापमान इथे फार महत्त्वाचे. ६२-६३ अंशांवर जास्त साखर यीस्टला पचणारी बनते आणि बिअर कोरडी, पातळ लागते. ६९-७० वर न पचणारी शर्करा जास्त राहते आणि बिअर गोडसर, जड होते. ६७ हा मधला सूर.

तासाभराने जाळीतून गोड पाणी काढून घेतात. उरलेल्या चोथ्यावर अजून सोळा-सतरा लिटर गरम पाणी हळूहळू सोडून धुऊन घेतात, म्हणजे साखर वाया जात नाही. या गोड रसाला वर्ट म्हणतात. चोथा गुरांना आवडतो. शहरात तो पावात किंवा कुंड्यांच्या खतात जातो.

आता वर्ट तासभर खळखळून उकळायचा. उकळी फुटताच ५० ग्रॅम गोल्डिंग हॉप्स टाकायची, ती कडवटपणासाठी. शेवटच्या पाच मिनिटांत २५ ग्रॅम फगल, ती वासासाठी. हॉप्समधले कडू घटक विरघळायला आणि बदलायला वेळ लागतो, तर सुगंधी तेले वाफेबरोबर उडून जातात. म्हणून अशी दोन वेळांची विभागणी. चहात आले आधी आणि वेलदोडा शेवटी, तसेच हे.

उकळून झाले की वर्ट लवकरात लवकर २० अंशांवर आणायचा. त्यासाठी तांब्याच्या वेटोळ्या नळीतून थंड पाणी खेळवतात. इथून पुढे बिअरला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी : पिंप, नळी, चमचा, बनवणाऱ्याचे हात. घरगुती बिअर बिघडण्याचे सर्वात मोठे कारण चुकीचे माल्ट किंवा हॉप्स नसते, तर नीट न धुतलेली नळी असते. उकळीत जंतू मेलेले असतात, पण थंड झालेला गोड रस म्हणजे बाहेरच्या जंतूंना आमंत्रणच.

मग इंग्लिश एलच्या जातीचे यीस्ट टाकायचे. ११ ग्रॅमचे एक कोरडे पाकीट पुरते. १८ ते २० अंशांवर दुसऱ्या दिवशी वर जाड फेस येतो, झाकणाच्या नळीतून बुडबुडे निघू लागतात. यीस्ट साखर खाते आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडते. खोली २५-२६ अंशांवर गेली तर यीस्ट भराभर काम करते खरे, पण नेलपॉलिशसारखा वास मागे ठेवते.

दोन आठवड्यांनी हायड्रोमीटरने मोजायचे. काचेचे हे तरंगणारे उपकरण द्रवाची घनता सांगते. पाण्याची घनता १.००० धरली तर सुरुवातीचा वर्ट साधारण १.०६२ असतो आणि शेवटी १.०१५-१.०१६ वर येऊन थांबतो. या फरकावरून अल्कोहोल सुमारे सहा टक्के निघते. आकडा तीन दिवस सारखाच आला तरच बाटल्या भरायच्या. ही घाई करायची जागा नव्हे. आंबवण अपुरी असताना बाटली बंद केली तर आतला वायू वाढत जातो आणि बाटली फुटते. काचा उडून लोक जखमी झाल्याची उदाहरणे आहेत.

बाटलीत फेस यावा म्हणून भरताना थोडी साखर मिसळतात, लिटरमागे पाच ग्रॅम. इंग्लिश एल सोड्यासारखी फसफसत नाही, एवढा वायू तिला पुरतो. दोन आठवडे खोलीच्या तापमानाला, त्यानंतर थंड अंधाऱ्या जागी दोन-तीन महिने. मुरल्यावर कडवटपणा मऊ होतो आणि बार्ली पुढे येते.

ज्यांना म्हातारबाबांची बाजू पटते, त्यांनी माल्ट तीन किलोवर आणायचे, त्यातले पाव किलो तांबूस क्रिस्टल माल्ट आणि शंभरेक ग्रॅम गडद चॉकलेट माल्ट ठेवायचे आणि हॉप्स निम्मी करायची. तीन टक्क्यांच्या आसपासची माइल्ड महिन्याभरात पिण्याजोगी होते. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट नसते, नाव फक्त रंगावरून.

कायद्याची गोष्ट

‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन खंड १९५४-५५ मध्ये आले. तेव्हा एखाद्या इंग्लिश वाचकाला घरी ‘१४२०’ बनवावीशी वाटली असती तर त्याला आधी परवाना काढावा लागला असता! १८८० च्या कायद्याने घरगुती बिअरलाही परवाना सक्तीचा केला होता. तो १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी काढून टाकला. अमेरिकेत तर साठच्या दशकात स्वस्त आवृत्त्यांमुळे विद्यापीठांमध्ये टोल्किनचे वेड पसरले, तेव्हा घरी बिअर बनवणे बेकायदाच होते. १९२० च्या दारूबंदीचे ते उरलेसुरले शेपूट. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये सही केलेल्या कायद्याने प्रौढ व्यक्तीला वर्षाला १०० गॅलन आणि दोन प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर करमुक्त बनवता येऊ लागली. तरी प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये २०१३ मध्ये तयार झाली.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे आणि स्वतःपुरती पाच बाटल्या बिअर हा अपवाद त्यात नाही. पिण्यासाठीही वयाची आणि परवान्याची अट आहे. ताजी बिअर प्यायची तर परवानाधारक मायक्रोब्रुअरी हा मार्ग. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डूलली’ ही राज्यातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तिचे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीवरून आले आहे. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेले गोरे सैनिक कंटाळून वेडेपिसे होत, त्यावरून इंग्रजीत ‘डूलली’ म्हणजे डोके फिरलेला!

आपल्याकडे ‘घरी बनवलेली दारू’ म्हटले की हातभट्टी आणि विषारी दारूच्या बातम्या आठवतात. बिअर त्या प्रकारात येत नाही. ती फक्त आंबवली जाते, ऊर्ध्वपातन होत नाही. विषारी दारूचे बळी बहुधा मिसळलेल्या मिथेनॉलमुळे जातात. हा फरक रसायनशास्त्रातला आहे, कायद्यापुढे तो कामी येत नाही. ब्रिटन, अमेरिका, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या मराठी हौशींना मात्र आपल्या भागातले नियम पाहून हा प्रयोग करता येतो.

आणखी एक गोष्ट : बाटलीवर मनासारखे लेबल लावून मित्रांना पाजणे वेगळे आणि विकणे वेगळे. २०१२ मध्ये इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधल्या ‘द हॉबिट’ नावाच्या पबला नावाचे हक्क असलेल्या अमेरिकन कंपनीची नोटीस आली. पब वीस-एक वर्षे जुना होता. गॅन्डाल्फची भूमिका करणारे इयन मॅकेलन आणि अभिनेते स्टीफन फ्राय यांनी परवान्याचे पैसे आपण भरतो असे सांगितल्यावर ते प्रकरण जगभर गाजले.

इतर मालिकांचे काय?

‘गेम ऑफ थ्रोन्स’ने सरळ बाजाराचा रस्ता धरला. न्यूयॉर्क राज्यातल्या कूपर्सटाउनच्या ओमेगँग ब्रुअरीने एचबीओबरोबर २०१३ मध्ये ‘आयर्न थ्रोन’ ही फिकी एल आणली, पाठोपाठ नाइट्स वॉचच्या काळ्या वेषाला शोभणारी ‘टेक द ब्लॅक’ स्टाउट, मग ‘फायर अँड ब्लड’ ही लाल एल. त्यात पुस्तकापेक्षा लेबलचा वाटा मोठा होता, पण बिअर चांगल्या होत्या. ‘हॅरी पॉटर’ची बटरबिअर ऑरलँडोच्या थीम पार्कमध्ये बिनअल्कोहोलची, बटरस्कॉचच्या चवीची मिळते. इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकात मात्र ‘बटर्ड बिअर’ खरोखर होती : गरम एलमध्ये अंड्याचा बलक, साखर, लोणी, जायफळ आणि लवंग. घसा बसला की ती प्यायची. ती बनवून पाहणारे दुसऱ्यांदा क्वचितच बनवतात.

बाटली उघडायची कधी?

सप्टेंबरच्या अखेरीस नवी बार्ली घरात आलेली असते आणि २२ सप्टेंबर हा बिल्बो आणि फ्रोडोचा वाढदिवस. त्या आठवड्यात पातेले चढवले तर ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बाटल्या भरून होतात आणि डिसेंबर संपता संपता बिअर मुरते. लगेच ३ जानेवारी येते, टोल्किन यांचा वाढदिवस. त्या रात्री नऊ वाजता, जो तो आपल्या गावच्या घड्याळाप्रमाणे, जगभरचे टोल्किनप्रेमी उभे राहून ‘प्रोफेसर’ एवढाच शब्द उच्चारतात आणि एक घोट घेतात. टोल्किन सोसायटीने रुजवलेल्या या प्रथेत पेल्यात काय असावे याची काही सक्ती नाही. मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादातून ‘स्वामी मुद्रिकांचा’ वाचलेल्या मराठी वाचकाच्या हातात त्या वेळी वाफाळता चहा असला, तरी चालतो.